रिकोटा, चक्का आणि दुपारचे फळ

रिकोटा हे इटलीतले ताजे, मऊ, पांढरे चीज. ते मुरवण्यासाठी तळघरात महिनोन्‌महिने ठेवत नाहीत. झाले त्या दिवशी, फार तर पुढच्या दोन-चार दिवसांत संपवतात. इटलीत रात्रीचे जेवण उशिरा होते. म्हणून दुपारी चार-पाचच्या सुमारास मुलांना हलके खाणे देण्याची पद्धत आहे. या खाण्याला तिकडे मेरेंदा म्हणतात. मेरेंदाचे अगदी साधे रूप म्हणजे बशीत दोन डाव रिकोटा, शेजारी चिरलेले अंजीर, पेअर किंवा पीच, आणि हवी तर वरून मधाची धार. त्यासाठी चूल पेटवावी लागत नाही. चव सगळी दुधाच्या ताजेपणावर आणि फळाच्या पिकण्यावर. या दोहोंत काही उणे असले तर ते झाकायला मसाला नसतो.

रिकोटा मूळ दुधाचा नसून चीज करून उरलेल्या निवळीचा असतो. दुधातल्या प्रथिनांपैकी सुमारे ८० टक्के केसीन असते. दुधात रेनेट, म्हणजे वासराच्या किंवा कोकराच्या जठरातून मिळणारे विकर, घातले की केसीन गोठते आणि त्याचे चीज होते. उरलेली सुमारे २० टक्के प्रथिने हिरवट-पिवळ्या निवळीबरोबर निघून जातात. त्यांना रेनेट गोठवू शकत नाही, आच गोठवते. निवळी ८० ते ९० अंश सेल्सिअसपर्यंत तापवली की तिच्यात बारीक पांढरे कण धरतात आणि तरंगत वर येतात. ते झाऱ्याने उचलून सच्छिद्र टोपल्यांत निथळत ठेवतात. दह्यादुधाचा गोळा विणलेल्या टोपलीत निथळण्याची रीत रोमन काळापासूनची आहे. पहिल्या शतकातला कोलुमेला आपल्या शेतीविषयक ग्रंथात ती वर्णन करतो. रोमच्या परिसरात मेंढीच्या दुधाच्या निवळीपासून होणाऱ्या रिकोट्याला युरोपीय संघाने २००५ मध्ये संरक्षित नाव दिले. दक्षिणेकडच्या काम्पानिया प्रांतात मोझरेला म्हशीच्या दुधाचा होतो. त्याच्या निवळीतून निघणाऱ्या रिकोट्याला असेच नाव २०१० मध्ये मिळाले.

म्हशीचा हा उल्लेख बेळगाव-निपाणीच्या वाचकाने लक्षात ठेवावा. युरोपात म्हशीचे दूध ही अपूर्वाईची गोष्ट आहे. महाराष्ट्र-कर्नाटक सीमाभागात मात्र दूध म्हटले की म्हशीचेच डोळ्यांपुढे येते. पंढरपुरी म्हैस कोल्हापूर, सांगली, सोलापुरात, तर धारवाडी म्हैस बेळगावसह उत्तर कर्नाटकात पूर्वापार पाळली जाते. खानापूर आणि चंदगडच्या रानात धनगर-गवळ्यांचे वाडे पिढ्यान्‌पिढ्या म्हशींवरच उभे राहिले. गाईच्या दुधात साधारण साडेतीन ते साडेचार टक्के स्निग्धांश असतो, म्हशीच्या दुधात सहा ते आठ. मऊ, दाट, पांढऱ्याशुभ्र दुधाच्या पदार्थासाठी याहून चांगला कच्चा माल नाही.

मग रिकोट्याच्या जातीचे इथे काय आहे? पहिले उत्तर कुंद्याचे येते आणि ते अर्धे बरोबर आहे. बेळगावचा कुंदा करताना तापत्या, आटत्या दुधात थोडे दही घालतात. आंबटपणा आणि आच एकत्र आली की केसीन आणि निवळीतली प्रथिने दोन्ही एकमेकांना धरून फुटतात आणि रवाळ कण तयार होतात. इथपर्यंतची वाट रिकोट्याच्या अगदी जवळून जाते. पुढे मात्र ती वेगळी होते. रिकोटा करणारा निवळी टाकतो. कुंदा करणारा ती कढईतच आटवतो. निवळीतली दुग्धशर्करा, घातलेली साखर आणि प्रथिने एकत्र तापत राहतात आणि तपकिरी रंग, खरपूस वास येतो. राजस्थानातून आलेल्या एका हलवायाचे चुलीवरचे दूध विसरून आटले आणि त्यातून कुंदा जन्मला, अशी कथा बेळगावात सांगतात. कथा खरी असो वा नसो, कुंदा ही मिठाई आहे, पेटीत भरून पाहुण्यांना द्यायची वस्तू आहे. तो फळाबरोबर खाण्याचा पदार्थ नव्हे. त्याच्या गोडीपुढे फळ फिके पडते.

खरे उत्तर चक्क्याचे आहे. दही फडक्यात बांधून टांगले, पाणी निथळून गेले की उरतो तो चक्का. युरोपीय दृष्टीने पाहिले तर ते न मुरवलेले, आंबवून गोठवलेले ताजे चीजच होय. जर्मनीतला क्वार्क आणि लेबनॉन-सीरियातला लबने ही त्याची भावंडे. पाण्याचे प्रमाणही रिकोट्याच्या जवळ जाणारे: भारतीय अन्न मानकांनुसार चक्क्यात किमान ३० टक्के घनपदार्थ असावे लागतात, म्हणजे पाणी फार तर ७० टक्के असते. फरक चवीचा आहे. रिकोटा गोडसर, चक्का आंबूस. फळाबरोबर खाताना हा आंबूसपणा गुणच ठरतो, कारण पिकलेल्या फळाची गोडी त्याच्यावर उठून दिसते. चीज आणि पेअर एकत्र किती चांगले लागतात हे शेतकऱ्याला कळू देऊ नका, अशा अर्थाची एक जुनी म्हण इटलीत आहे. ती म्हण त्या जोडीच्या चवीबरोबरच जमीनदारांच्या कोतेपणाचीही साक्ष देते. सीमाभागात शेतकऱ्याच्याच घरात म्हैस आणि परसात केळ असते. ही जोडी त्याच्यापासून लपवण्याचा प्रश्नच नाही. प्रश्न आहे तो तिच्याकडे पाहण्याचा.

दह्याचे पाणी काढून त्यात साखर घालण्याची रीत या प्रदेशात फार जुनी. कल्याणीच्या चालुक्य घराण्यातला राजा तिसरा सोमेश्वर ११२६ ते ११३८ या काळात राज्य करत होता. त्याच्या नावावरच्या ‘मानसोल्लास’ या ग्रंथातल्या अन्नविषयक भागात दह्याची शिखरिणी येते. दूध आंबट घालून फाडून त्याच्या गोळ्यांचे गोड पदार्थ करण्याची कृतीही त्यात आहे. दूध फाडणे दक्षिणेला कधी मान्यच नव्हते, असे सरसकट म्हटले जाते. त्याला हा बाराव्या शतकातला पुरावा छेद देतो. बेळगावच्या आजूबाजूच्या मुलखात तेव्हा चालुक्यांचे मांडलिक रट्ट राज्य करत होते. पुढे रट्टांनी राजधानी वेणुग्रामला, म्हणजे बेळगावलाच आणली, आणि त्यांचा मंत्री बिचिराज याने १२०४ मध्ये बांधलेली कमलबस्ती आजही बेळगावच्या किल्ल्यात उभी आहे.

ही बस्ती जैन आहे, आणि इथे तिचा उल्लेख केवळ शोभेसाठी नाही. बेळगाव, निपाणी, चिकोडी, पलीकडे कोल्हापूर-सांगली या पट्ट्यात दिगंबर जैन शेतकरी समाज मोठा आहे. निपाणीजवळच्या तवंदी घाटात स्तवनिधीचे तीर्थक्षेत्र आहे. विसाव्या शतकातले दिगंबर आचार्य शांतिसागर यांचे भोज हे गावही निपाणीच्याच परिसरातले. जैनांच्या बरोबरीने लिंगायत समाजही शाकाहारी. जनावराच्या जठरातून काढलेल्या विकराने दूध गोठवणे अशा समाजाला कधीच चालले नसते. त्यामुळे इथे दूध गोठवण्याचे काम विरजणाकडे आले, आणि मऊ चीजचा जो प्रकार रुजला तो आंबवलेल्या दह्याचा. याच समाजामुळे फळाची निवडही बदलते, हे अधिक महत्त्वाचे. रिकोट्याबरोबर इटलीत अंजीर आणि मध आवडीने खातात. व्रत पाळणाऱ्या जैन घरात ही दोन्ही वर्ज्य आहेत. वड, पिंपळ, उंबर यांच्या वर्गातली फळे बारीक किड्यांमुळे सोडलेली, त्यात अंजीरही येते. मध तर श्रावकाच्या मूळ नियमांतच निषिद्ध. दही शिळे झाले की तेही चालत नाही, म्हणून चक्का त्या दिवसाच्या ताज्या दह्याचाच लागतो. अशा घरात अंजिराची जागा केळे, चिकू किंवा आंबा घेतो आणि मधाची जागा गूळ किंवा काकवी. यात काही गमावले जात नाही. उसाच्या मुलखात काकवीची ताजी धार ही मधाइतकीच नैसर्गिक गोष्ट आहे.

चक्का चांगला होण्याची सुरुवात दूध तापवण्यापासून होते. दूध नुसते उकळी येईपर्यंत नव्हे, तर मंद आचेवर काही मिनिटे तापत ठेवले की निवळीतली प्रथिने केसीनला चिकटतात. मग दही लावल्यावर ती पाण्याबरोबर वाहून जात नाहीत, गोळ्यातच राहतात. रिकोटा करणारे जी प्रथिने निवळीतून वेगळी शोधून काढतात, ती चक्क्यात आधीच आलेली असतात. असे दही घट्ट लागते, त्याला पाणी कमी सुटते आणि चक्का खरखरीत न होता लोण्यासारखा उतरतो. विरजण कोमट दुधात घालावे. हाताला सोसेल इतपत, चाळीस अंशांच्या आसपास. बेळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे ७५० मीटर उंचीवर आहे आणि तिथल्या थंडीत दही लवकर लागत नाही. भांडे कापडात गुंडाळून उबेला ठेवायचे आणि विरजण थोडे वाढवायचे, हा त्यावरचा उपाय. दही लागल्यावर ते तसेच उबेत ठेवू नये. आंबटपणा वाढत जातो आणि फळाबरोबर खायचा चक्का फार आंबट असून चालत नाही.

भांडे मातीचे असेल तर निम्मे काम तेच करते. खानापूर हे कुंभारकामाचे गाव. ग्रामीण कुंभारकामाचे प्रशिक्षण देणारी खादी आणि ग्रामोद्योग आयोगाची संस्थाही तिथे आहे. गाडग्याच्या सच्छिद्र भिंतीतून पाणी झिरपते, बाहेर येऊन सुकते, आणि त्यामुळे आतले दही घट्टही होते आणि गारही राहते. स्टीलच्या डब्यातल्या दह्याला हे जमत नाही. त्या दह्याचा चक्का होतो, पण टांगण्याचा वेळ वाढतो.

दही मलमलीच्या किंवा जुन्या, मऊ, स्वच्छ धोतराच्या फडक्यात बांधून खुंटीला टांगतात. आठ ते बारा तास पुरतात. उन्हाळ्यात ते रात्रीच टांगावे, किंवा चाळणीवर ठेवून फ्रिजमध्ये निथळू द्यावे. पुरचुंडी पिळू नये. पिळल्याने दही फडक्याच्या छिद्रांतून बाहेर येते. म्हशीच्या लिटरभर दुधाच्या दह्यातून साधारण ३०० ते ४०० ग्रॅम चक्का निघतो, दुधाच्या दाटपणानुसार थोडा कमी-जास्त. उरलेले पाणी फेकून देणे मात्र चुकीचे आहे. दही आंबत असताना दुधातले कॅल्शियम आम्लामुळे सुटे होते आणि त्याचा मोठा भाग या पाण्यात उतरतो. रेनेटच्या चीजमध्ये कॅल्शियम गोळ्यातच राहते, चक्क्यात तितके राहत नाही. म्हणून या पाण्यात भाकरीचे किंवा थालिपिठाचे पीठ मळावे, त्याची कढी करावी. जुन्या घरांत ते वाया जात नसे.

आणि मग साखर. सीमाभागात, किंबहुना सगळ्या मराठी मुलखात, चक्का म्हटला की पुढचा शब्द श्रीखंड. गुढीपाडव्याला आणि दसऱ्याला डेअऱ्यांसमोर डबे घेऊन रांगा लागतात. चितळे, वारणा, गोकुळ, नंदिनी ही नावे सणाच्या दिवशी सीमेच्या दोन्ही बाजूंच्या ताटांत असतात. भिलवडीचे चितळे १९३९ पासूनचे, गोकुळ दूध संघ १९६३ चा. श्रीखंड हा थोर पदार्थ आहे यात वाद नाही. पुरणयंत्रातून काढलेला चक्का, वेलची, जायफळ, केशर, वर चारोळी आणि शेजारी गरम पुरी, हे सणाचे ताट आहे आणि तसेच राहावे. पण त्यातले साखरेचे प्रमाण पाहावे. मानकानुसार श्रीखंडातल्या एकूण घनपदार्थांपैकी ७२.५ टक्क्यांपर्यंत साखर चालते, आणि घनपदार्थ किमान ५८ टक्के असावे लागतात. म्हणजे १०० ग्रॅम श्रीखंडात ४० ग्रॅमांहून अधिक साखर असू शकते. आम्रखंडात आंब्याची स्वतःची गोडी असते, तरी साखर पडतेच. इतक्या साखरेने दोन गोष्टी घडल्या. चक्का रोजच्या खाण्यातून उठून सणाच्या ताटात जाऊन बसला. आणि त्याची स्वतःची चव, जी इटलीत रिकोट्यासाठी जपतात, ती कुणी चाखेनासे झाले. चक्का हा श्रीखंडाचा कच्चा माल एवढाच उरला. हे नुकसान आहे आणि ते भरून काढण्यासारखे आहे.

रोजच्या खाण्यातून तो जाण्याचे दुसरे कारण दुधाच्या हिशेबात सापडते. गावोगाव सहकारी संस्था झाल्या, सकाळ-संध्याकाळ दूध केंद्रावर जाऊ लागले, आणि दहा दिवसांच्या बिलावर घराचा किराणा, मुलांच्या फिया, खताची उधारी चालू लागली. तंबाखू आणि ऊस या पिकांचे पैसे वर्षातून एकदाच हातात येतात; दुधाचे लगेच येतात. निपाणीच्या पट्ट्यातल्या कित्येक घरांतल्या बाईच्या हाती खेळणारा पैसा हाच. त्यामुळे घरात चहापुरते दूध राहिले आणि दह्याचे मडके लहान झाले. यात दोष कुणाचा नाही. पण दुपारी चार वाजता त्याच घरात पोरांच्या हाती चिरमुरे-फुटाण्यांच्या जागी बिस्किटाचा पुडा आला, आणि जे दूध दारातून गेले त्याचे दाम अशा पुड्यांवरही खर्च होऊ लागले, हेही तितकेच खरे.

फळ आणि दूध एकत्र नको, अशी एक समजूत जुन्या पिढीत आहे. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात विरुद्ध आहाराचा विचार येतो, आणि दुधाबरोबर आंबट फळे तिथे वर्ज्य सांगितली आहेत. त्या यादीत केळेही आहे. तरी केळ्याची शिकरण मराठी घरात पोळीबरोबर सर्रास होते आणि बिघडत काही नाही. आयुर्वेद मानणाऱ्यांनी आपल्या वैद्याचे ऐकावे. रसायनशास्त्राच्या बाजूने एवढे सांगता येते की दूध आंबट फळाने फाटते. चक्का आधीच आंबलेला आणि गोठलेला असल्याने फळाने त्यात नवीन काही फाटत नाही. खरी काळजी दुसऱ्या एका गोष्टीची घ्यावी. अननस, किवी, कच्ची पपई आणि ताजे अंजीर यांत प्रथिने तोडणारी विकरे असतात. ती चक्क्यातल्या प्रथिनांवर काम करू लागतात आणि तासाभरात मिश्रण पातळ व कडवट होत जाते. अंजिराच्या चिकाची ही ताकद ग्रीकांना ठाऊक होती. होमरच्या ‘इलियड’मध्ये तो दूध गोठवण्यासाठी वापरल्याचा उल्लेख आहे. ही फळे चक्क्यात कालवून ठेवू नयेत, शेजारी ठेवून लगेच खावीत. अननस शिजवून घेतला तर विकर मरते आणि अडचण संपते.

बाकी फळांत सीमाभाग श्रीमंत आहे. जवारी केळी बारा महिने मिळतात. कातडीवर काळे ठिपके आलेले केळे घ्यावे. त्याची गोडी इतकी असते की आंबूस चक्क्याला आणखी काही लागत नाही. चिकू याहूनही सोपा, त्याची मळीसारखी गोडी आणि चक्क्याचा आंबटपणा एकमेकांसाठीच असल्यासारखे वाटतात. द्राक्षे जानेवारीपासून विजापूर आणि तासगावकडून येतात. ती अर्धी चिरून घालावीत, म्हणजे रस चक्क्यात उतरतो. एप्रिल-मे महिन्यात देवगड-वेंगुर्ल्याचा हापूस आंबोली घाटाने बेळगावच्या बाजारात चढतो, आणि कित्तूर-धारवाडकडचाही हापूस येतो. आंब्याचा रस काढून आम्रखंड करण्याऐवजी फोडी करून चक्क्यावर टाकल्या तर आंबा आंब्यासारखा लागतो. पायरी या कामाला हापूसपेक्षा सरस, कारण तिच्यात रस जास्त. खानापूरच्या रानातली जांभळे तुरट, त्यांना काकवी हवीच. पेरू टणक असतो, चक्क्याशी तो एकजीव होत नाही. त्याला तिखट-मीठच बरे.

दुधात फळ घालण्याची आवड या मुलखाला नवीन नाहीच. कृष्णा-पंचगंगेच्या संगमावरच्या नरसोबाच्या वाडीला गेलेला माणूस बासुंदी खातो आणि कवठाची बर्फी बांधून आणतो. कवठाचा आंबट-तुरट गर आणि गोड यांचे हे लग्न तिथल्या हलवायांनी कधीच लावून ठेवले आहे. चक्क्याच्या वाटीला यापेक्षा कितीतरी कमी खटपट लागते.

प्रमाण सोपे आहे. एका माणसाला १०० ग्रॅम चक्का, तेवढेच फळ, आणि फळ फिके असेल तरच चमचाभर काकवी किंवा किसलेला गूळ. चक्का चमच्याने थोडा फेटून घ्यावा, चाळणीतून काढण्याची गरज नाही. मीठ, वेलची, केशर काही घालू नये. उपासालाही हे चालते. घरचा चक्का झाकून फ्रिजमध्ये ठेवला तर तीन-चार दिवस टिकतो, मात्र दिवसागणिक आंबट होत जातो. मधुमेह असलेल्यांनी गूळ-काकवी टाळून कमी गोड फळ घ्यावे आणि प्रमाण डॉक्टरांना विचारावे.

दूध संघांकडून एक अपेक्षा ठेवावीशी वाटते. बिनसाखरेचा चक्का किलोच्या पिशवीत, सणापुरता विकण्याऐवजी १०० ग्रॅमच्या लहान पेल्यात बारा महिने दुकानात ठेवावा, आणि त्यावर फक्त चक्का एवढेच लिहावे. शाळेतून आलेल्या मुलासाठी गावच्या दुधाचा पेला गावच्याच दुकानात बिस्किटाच्या पुड्याशेजारी मिळाला पाहिजे. वाचकांनी मात्र त्याची वाट पाहू नये. दिवाळीच्या सुमारास बाजारात सीताफळे येतात. दोन पिकलेल्या सीताफळांचा गर बिया काढून वाटीभर ताज्या चक्क्यात हलक्या हाताने कालवावा आणि दुपारी चारला मुलांपुढे ठेवावा. साखर अजिबात घालू नये.